डोब्रोवर कंट्री धून वाजवायची, तर पट्टी कुठली धरायची?

अमेरिकन कंट्री आणि ब्लूग्रास संगीतात मांडीवर आडवी ठेवून वाजवायची एक गिटार असते. डाव्या हातात पोलादी बार, उजव्या हाताच्या बोटांत पिक्स (नख्या), आणि गिटारच्या पोटात अ‍ॅल्युमिनियमचा पातळ शंकू, आवाज मोठा करणारा. ही रेझोनेटर गिटार. वादक तिला सरसकट डोब्रो म्हणतात. अ‍ॅम्प्लिफायर रुळायच्या आधी गिटारचा आवाज फिडल (म्हणजे व्हायोलिन) आणि बँजोच्या गलक्यात हरवायचा. त्यावर उपाय म्हणून जॉन डोपेरा आणि त्यांच्या भावांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस हे वाद्य घडवलं.

हे वाद्य हातात घेतलेल्या प्रत्येकाला पहिल्या काही महिन्यांत एकच गोष्ट छळते. घरी टॅब (कुठली तार, कुठला फ्रेट हे आकड्यांत लिहिलेली धून) बघून ‘जी’ पट्टीत बसवलेली धून जॅममध्ये, म्हणजे सगळे मिळून वाजवायच्या बैठकीत, ‘ए’ पट्टीत सुरू होते. गायिका म्हणते, मला हे डीमध्ये हवं. मग कॅपो, म्हणजे मानेवर लावून सगळ्या तारांचा सूर चढवणारा चिमटा, लावायचा का? कुठे लावायचा? की कॅपोशिवायच वाजवायचं? ह्या गोंधळातून मी गेलो आहे, आणि पट्टी ठरवायची रीत एकदा नीट कळली की तो पार निघून जातो हेही अनुभवलं आहे. तीच रीत इथे क्रमाने मांडतो. तुम्ही थोडंफार हार्मोनियम किंवा शास्त्रीय संगीत शिकला असाल तर अर्धं काम आधीच झालेलं आहे, म्हणून सा-रे-ग-म चा आधार मोकळेपणाने घेतो.

आधी हाताशी काय हवं

चौकोनी मानेची रेझोनेटर गिटार आणि तिच्यासाठी बनवलेल्या जाड तारांचा संच. बोटांत नीट धरता येईल असा, बाजूंना खोबण असलेला पोलादी बार. अंगठ्याचा एक पिक आणि बोटांचे दोन धातूचे पिक्स. ट्यूनर. ह्याच वाद्यासाठी बनवलेला कॅपो. साध्या गिटारचा चालत नाही, कारण इथे तारा मानेपासून बऱ्याच उंच असतात आणि त्या दाबून फ्रेटला (मानेवरच्या धातूच्या आडव्या काड्यांना) टेकवायच्या नसतात. मोबाइलवर तानपुऱ्याचं अ‍ॅप. आणि एक वही.

१. तारा कशा लागल्यात ते पक्कं करा

सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड तारेपासून पहिलीपर्यंत: जी, बी, डी, जी, बी, डी. म्हणजे सा ग प, सा ग प. बार कुठेही आडवा ठेवा, एक पुरी मेजर कॉर्ड (एकत्र वाजणारे सा, ग, प) मिळते. कंट्री आणि ब्लूग्रासमध्ये हीच जुळवणी रूढ आहे आणि ह्या लेखातलं सगळं तिच्यावर बेतलेलं आहे.

इथे एक मोठा खड्डा आहे. साध्या गिटारवर ‘ओपन जी’ म्हणतात ती जुळवणी वेगळी: डी, जी, डी, जी, बी, डी. इंटरनेटवर दोन्हींचे टॅब शेजारी-शेजारी पडलेले असतात आणि दोन्हींवर ओपन जी असंच लिहिलेलं असतं. टॅब उघडल्यावर आधी खालच्या दोन तारा तपासा. दुसरं म्हणजे, साध्या गिटारच्या तारा चढवून ही जुळवणी करू नका. सहावी तार ई वरून जी पर्यंत म्हणजे तीन अर्धस्वर आणि पाचवी ए वरून बी पर्यंत दोन अर्धस्वर वर ताणावी लागते. तार तुटते, आणि गोल मानेची गिटार असेल तर मान वाकायचीही भीती असते.

आपल्याकडच्या जुन्या हवाईयन गिटारवादकांचं ऐकून ह्या वाद्याकडे वळलेले काही जण भेटतात. व्हॅन शिपले यांनी हवाईयन गिटारवर वाजवलेली हिंदी चित्रपटगीतं एका पिढीने भरभरून ऐकली. बसायची आणि बार धरायची ढब तिथून नक्की उचला, पण तिथल्या फ्रेटच्या जागा जशाच्या तशा उचलू नका. जुळवणी बदलली की जागा बदलतात.

२. सा, म, प कुठे पडतात ते पाठ करा

जुन्या कंट्री धुनांपैकी बहुतेकींना तीनच कॉर्ड लागतात: षड्जावरची, मध्यमावरची आणि पंचमावरची. सा ज्या फ्रेटवर, त्याच्या पाच फ्रेट पुढे म आणि सात फ्रेट पुढे प. बारा ओलांडले तर बारा वजा करा.

जी: सा मोकळ्या तारांवर, म ५, प ७.
ए: सा २, म ७, प ९.
सी: सा ५, म १०, प १२ किंवा मोकळ्या तारा.
डी: सा ७, म १२ किंवा मोकळ्या तारा, प २.
ई: सा ९, म २, प ४.
एफ: सा १०, म ३, प ५.
बी फ्लॅट: सा ३, म ८, प १०.
बी: सा ४, म ९, प ११.

हार्मोनियमच्या भाषेत जी म्हणजे पांढरी पाच, ए पांढरी सहा, सी पांढरी एक, डी पांढरी दोन.

३. मोकळ्या तारा त्या पट्टीत कोणते सूर देतात ते पाहा

पट्टी निवडण्याचं मर्म इथे आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

डोब्रोवरच्या चपळ जागा मोकळ्या तारांमुळे सुचतात. बार तारेवर टेकवून चटकन उचलला की खालचा मोकळा सूर खणकन वाजतो. बारच्या एकाच टोकाने हे पटापट करता येतं. पण तो मोकळा सूर त्या पट्टीत बसणारा नसेल तर हीच हालचाल कानाला टोचते. आपल्या मोकळ्या तारांत तीनच सूर आहेत, जी, बी आणि डी. ते प्रत्येक पट्टीत कोणत्या नात्याने येतात ते बघा.

जीमध्ये ते सा, ग, प. ह्याहून सोपं काही नाही.

डीमध्ये ते म, ध, सा. तिन्ही शुद्ध, शिवाय पहिली आणि चौथी तार थेट षड्ज देते. म्हणून डी ही कॅपोशिवाय वाजवण्याजोगी उत्तम पट्टी आहे. नवखे तिला घाबरतात, कारण सा सातव्या फ्रेटवर आहे आणि हात सतत ये-जा करतो. माझं स्पष्ट मत असं की जीनंतर लगेच डी शिकावी.

सीमध्ये प, नि, रे. तिन्ही उपयोगी, आणि पंचमाची कॉर्ड मोकळी मिळते.

एमध्ये कोमल नि, रे, म. रे आणि म ठीक, पण कोमल निषाद शुद्ध निषादाच्या धुनेत खुपतो.

ईमध्ये कोमल ग, प, कोमल नि. ब्लूज अंगाच्या गाण्याला हे दोन कोमल सूर फार शोभतात. सरळ मेजर धुनेला नाही.

एफमध्ये रे, तीव्र म, ध. बीच्या दोन्ही तारा अडचणीच्या.

बी फ्लॅटमध्ये ध, कोमल रे, ग. बीमध्ये कोमल ध, सा, कोमल ग. ह्या दोन्हींत कॅपोशिवाय जलद वाजवणं कठीण आहे.

आता एकाच पट्टीतल्या दोन धुना घेऊ. ‘ओल्ड जो क्लार्क’ आणि ‘क्रिपल क्रीक’ दोन्ही फिडलवाले ए पट्टीत वाजवतात. म्हणून दोन्हींना दुसऱ्या फ्रेटवर कॅपो, असा सरळ हिशेब लोक करतात. पण ‘ओल्ड जो क्लार्क’मध्ये निषाद कोमल आहे, आपल्या हिशेबात खमाज थाटाचे सूर. सुरुवातीची ओळ प ध नि ध प म ग अशी उतरते, त्यात नि कोमल. कॅपो न लावता पहिल्या तारेवर वाजवून बघा: फ्रेट २, ४, ५, ४, २, मग मोकळी तार, आणि शेवटचा गंधार दुसऱ्या तारेच्या २ वर. ह्या धुनेत एच्या जोडीला जी कॉर्ड लागते, आणि ती तर मोकळ्या तारांवर तयारच आहे. बार दुसऱ्या फ्रेटवरून उचलला की जी, परत टेकवला की ए. कॅपो लावलात तर हीच जी कॉर्ड घ्यायला बाराव्या फ्रेटपर्यंत पळावं लागतं.

‘क्रिपल क्रीक’चं उलट आहे. ती सरळ मेजर, कॉर्ड ए, डी, ई. तिथे मोकळा कोमल निषाद नको आहे आणि मोकळ्या तारांवर सा, ग, प असतील तर बँजोच्या अंगाने सुंदर वाजते. तिला दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावा.

पट्टीचं नाव कळलं म्हणजे निर्णय झाला असं नसतं. धुनेत कोणते सूर लागतात ते आधी गुणगुणून बघा, मग ठरवा.

४. गाणं असेल तर आधी गळा

गायक किंवा गायिका असेल तर त्यांच्या गळ्याला सोयीची पट्टीच धरायची. ह्यावर वाद घालू नये. डोब्रो साथीचं वाद्य आहे आणि आपल्याकडे कॅपो आहे. गळ्याला कॅपो लावता येत नाही.

मात्र मराठी मंडळींचा इथे एक ठरलेला घोटाळा होतो. कुणी सांगतं, “माझी पट्टी काळी एक.” म्हणजे ख्याल किंवा नाट्यगीत गाताना त्यांचा षड्ज सी शार्प. म्हणून गाणं सी शार्पमध्ये धरलं की बिघडलंच. कारण ह्या गाण्यांची चाल षड्जाच्या कुठल्या बाजूला किती जाते हे प्रत्येक गाण्यात वेगळं असतं.

‘अमेझिंग ग्रेस’चं उदाहरण घ्या. शब्द इंग्लंडमध्ये १७७९ साली छापले गेले, आणि आज गातात ती ‘न्यू ब्रिटन’ ही चाल त्यांना अमेरिकेत १८३५ च्या एका भजनसंग्रहात जोडली गेली. चालीत पाचच सूर आहेत, सा रे ग प ध. म्हणजे भूपाचे. पहिली ओळ अशी: प़ सा, गसा ग, रे सा, ध़ प़. पुढच्या ओळीत चाल वरच्या पंचमाला पोचते. सगळा विस्तार खालच्या पंचमापासून मधल्या पंचमापर्यंत, बरोबर एक सप्तक. काळी एकच्या पुरुष गायकाला हे सी शार्पमध्ये दिलंत तर अर्धं गाणं खर्जात जाईल आणि शब्द ऐकूच येणार नाहीत. त्याच गळ्याला जी पट्टी द्या: खालचा डी ते वरचा डी. आरामात गाईल.

तेव्हा करायचं असं. चालीतला सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा सूर सरगममध्ये लिहून काढा. गायकाला हार्मोनियमवर किंवा ट्यूनरसमोर न ताणता लागणारा वरचा सूर विचारा. चालीतला सर्वांत उंच सूर त्याच्या किंचित खाली येईल अशी पट्टी धरा. मग खालचा सूर ऐकू येतो का ते तपासा. शेवटी पूर्ण कडवं गाऊन घ्या. पहिल्या ओळीवरून कधीच ठरवू नका, कारण उंच सूर बहुधा पुढे लपलेला असतो.

जीमध्ये हे गाणं डोब्रोवर किती सहज बसतं ते पाहा. चौथी मोकळी, तिसरी मोकळी, दुसरी मोकळी, तिसरी मोकळी, दुसरी मोकळी, तिसऱ्या तारेचा २, तिसरी मोकळी, चौथीचा २, चौथी मोकळी. पहिली ओळ झाली. पुढच्या ओळीतला उंच पंचम म्हणजे पहिली मोकळी तार. गायकाला बी फ्लॅट हवं असेल तर तिसऱ्या फ्रेटवर कॅपो आणि हेच सगळं तसंच. गायिकेला बहुधा डी सोयीचं पडेल. तिथे कॅपो नको: खालचा पंचम तिसऱ्या तारेच्या २ वर, षड्ज पहिली मोकळी, रिषभ त्याच तारेच्या २ वर, गंधार ४ वर, वरचा पंचम ७ वर, आणि खालचा धैवत दुसरी मोकळी तार.

ब्लूग्रासमध्ये बी आणि बी फ्लॅट इतक्या वेळा का येतात, असा प्रश्न नवख्यांना पडतो. ह्या शैलीचे प्रवर्तक बिल मन्रो फार उंच गात, आणि त्यांच्यामागून येणाऱ्या पुरुष गायकांनी तो उंच, ताणलेला आवाज आपलासा केला. तिथे डोब्रोवाल्याने कॅपो ३ किंवा ४ वर लावून जीचे हात वाजवायचे, म्हणजे कॅपोला मोकळी तार धरून जी पट्टीतल्याच हालचाली करायच्या.

५. नुसती धून असेल तर फिडलच्या मागे जा

फिडलच्या तारा जी, डी, ए, ई. त्यामुळे ए आणि डी ह्या पट्ट्यांत फिडलवाल्याला मोकळ्या तारांचा भरपूर लाभ मिळतो, आणि जुन्या नाचाच्या धुना तिथेच रुजल्या. ‘सोल्जर्स जॉय’, ‘अर्कान्सा ट्रॅव्हलर’ डीमध्ये. ‘सॅली गुडिन’ एमध्ये. ‘टर्की इन द स्ट्रॉ’ जीमध्ये. ‘बिली इन द लोग्राउंड’ सीमध्ये. ह्या पट्ट्या जॅममध्ये गृहीत धरलेल्या असतात, कुणी चर्चा करत नाही. मला जीमध्ये सोपं पडतं म्हणून धून बदलायला सांगू नका. तसं करणं तिथे बरं दिसत नाही, आणि धुनेची चमकही जाते.

वेग जास्त वाटला तर सूर गाळा. फिडलचा प्रत्येक सूर डोब्रोवर आलाच पाहिजे असं नाही. ‘सोल्जर्स जॉय’मध्ये सातव्या फ्रेटवर बार आडवा ठेवून तिसरी, दुसरी, पहिली तार छेडली तरी सा, ग, प येतात आणि धून ओळखू येते.

६. कॅपो: कुठे, कसा, किती वर

जलद, बँजोसारखे रोल (कॉर्डचे सुटे सूर ओळीने झरझर) वाजवायचे असतील तर कॅपो बहुतेक वेळा लागतो. ही शैली जॉश ग्रेव्हज यांनी घडवली. १९५५ मध्ये ते लेस्टर फ्लॅट आणि अर्ल स्क्रग्ज यांच्या वाद्यवृंदात आले आणि स्क्रग्ज यांची तीन बोटांची बँजोची रीत त्यांनी डोब्रोवर आणली. त्याआधीची, कंट्री गायक रॉय एकफ यांच्यासोबत ब्रदर ऑसवाल्ड वाजवत तशी, लांब मींड घेत कॉर्डवरून कॉर्डवर जाणारी रीत कुठल्याही पट्टीत कॅपोशिवाय चालते. संथ गाणं असेल तर कॅपोला हात लावायच्या आधी तसं वाजवून बघा.

कॅपो पाचव्या फ्रेटच्या वर नेऊ नका. तारेची लांबी कमी होते, खालचे सूर जातात, आवाज चिरका होतो. त्याऐवजी हे हात वापरा:

ए: कॅपो २, जीचे हात. बी फ्लॅट: ३, जीचे. बी: ४, जीचे.
ई: कॅपो २, डीचे हात. एफ: ३, डीचे.
सी शार्प: कॅपो १, सीचे हात.

कॅपो बरोबर फ्रेटच्या तारेच्या डोक्यावर, मानेला काटकोनात बसला पाहिजे. साध्या गिटारवर तो थोडा मागे चालतो, कारण तार फ्रेटला टेकते आणि सूर फ्रेट ठरवतं. इथे सूर कॅपो स्वतः ठरवतो. केसभर पुढे सरकला तर सहाही तारा चढ्या. समोरून वाकून नव्हे, बरोबर वरून बघा. लावून झालं की ट्यूनरवर सहाही तारा पुन्हा तपासा, आणि काढल्यावर परत एकदा.

आणखी एक सापळा मानेवरच्या ठिपक्यांचा. कॅपो २ वर लावला की सप्तक १२ ऐवजी १४ वर जातं, म ७ वर आणि प ९ वर. डोळा मात्र सवयीने जुन्या ठिपक्यांकडे धावतो. आठवडाभर फक्त कॅपो २ वर ठेवून ह्या तीन जागांवर संथ ये-जा करा. तानपुरा ए पट्टीत सुरू ठेवा. डोब्रोवर बार जिथे पडेल तिथे सूर लागतो, फ्रेट फक्त दिसायला आहेत. आणि बेसूरपणा तानपुऱ्यासमोर जितक्या लवकर कळतो तितका ट्यूनरच्या दिव्यांवर कळत नाही.

७. मायनर धुना

ह्या जुळवणीत पुरी मायनर, म्हणजे कोमल गंधाराची, कॉर्ड मिळत नाही, दोन तारांवर भागवावं लागतं. एकाच बारवर तिसरी आणि दुसरी तार वाजवा, चौथी आणि पहिली टाळा: मोकळ्या तारांवर ई मायनरचा भास होतो, पाचव्या फ्रेटवर ए मायनरचा. किंवा दुसरी आणि पहिली तारच घ्या: दहाव्या फ्रेटवर ए मायनरचे सा आणि कोमल ग मिळतात.

कॅपोशिवाय ई मायनर, ए मायनर आणि डी मायनर ह्या तिन्ही पट्ट्या सोयीच्या आहेत. ईमध्ये मोकळ्या तारा कोमल ग, प, कोमल नि देतात. एमध्ये कोमल नि, रे, म. डीमध्ये म, शुद्ध ध, सा, म्हणून काफी थाटाच्या अंगाने जाणारी ‘शेडी ग्रोव्ह’ डीमध्ये सुरेख वाजते. मायनर धुनेत शुद्ध धैवत आहे की कोमल, हे मात्र आधी ऐकून घ्या. धैवत कोमल असेल तर डीमध्ये बीच्या मोकळ्या तारा टाळाव्या लागतील.

८. वहीत काय लिहायचं

प्रत्येक धुनेला एक ओळ पुरते: धुनेचं नाव, जॅममधली पट्टी, कोमल-तीव्र सूर असतील तर ते, कॅपो कुठे, कुठल्या पट्टीचे हात. गाणं असेल तर गायकाचं नाव आणि त्यांची पट्टी वेगळी लिहा, कारण तेच गाणं दुसऱ्या गळ्याला दुसरीकडे न्यावं लागतं. उदाहरणार्थ: ओल्ड जो क्लार्क, ए, नि कोमल, कॅपो नाही. क्रिपल क्रीक, ए, सगळे शुद्ध, कॅपो २, जीचे हात.

जॅममध्ये पट्टी पुकारली जाते तेव्हा ती नेहमी खरी पट्टी असते, हातांची नव्हे. कुणी “बीमध्ये” म्हणालं की कॅपो ४. तुम्ही सुरुवात करणार असाल तर तुम्हीही खरीच पट्टी सांगा. कॅपो २ वर लावून “जीमध्ये वाजवतोय” म्हणालात तर मँडोलिनवाला खरंच जी धरेल. पट्टी ऐकू आली नाही तर शेजारच्या बँजोचा कॅपो बघा. बँजोही जी कॉर्डमध्येच लागलेला असतो, त्यामुळे त्याचा कॅपो २ वर असेल तर बहुधा ए, ४ वर असेल तर बी. कॅपो नसेल तर जी, सी किंवा डी यांपैकी काहीही असू शकतं, आणि अशा वेळी पहिल्या फेरीत नुसतं ऐकून दुसऱ्या फेरीत हलक्या हाताने कॉर्ड भरायला घ्या.